सात नंबर आणि रामीची कणगी

एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. बाराखडी, पाढे, भागाकार. त्यातलं कोणाच्या किती लक्षात राहिलं ते देव जाणे, पण गंजाडच्या बाजारात आजही कोणी मागून हाक मारलीच तर ती 'ओ फोटोवाल्या बाई' अशी असते. कारण शेवटची पाच वर्षं मी शाळेबरोबर मतदार यादीचंही काम केलं आणि दिसेल त्याच्याकडे पासपोर्ट फोटो मागत फिरले. संपादकांनी 'शाळेच्या आठवणी लिहा' असं सांगितलं होतं. त्या सगळेच लिहितात. मी यादीची आठवण लिहिते.

आधी हे काम म्हणजे काय ते सांगते, कारण शहरातल्या लोकांना यादी आभाळातून पडते असं वाटतं. प्रत्येक मतदान केंद्रासाठी एक माणूस नेमलेला असतो, त्याला बीएलओ म्हणतात. बहुतेक वेळा तो प्राथमिक शिक्षक किंवा अंगणवाडीची ताई. हजारेक नावांची यादी त्याच्या गळ्यात असते. घरोघर जायचं आणि बघायचं, कोण अठरा वर्षांचं झालं, कोण वारलं, कोण लग्न होऊन आलं, कोण गेलं. नवीन नाव घालायचा फॉर्म सहा नंबरचा. नाव काढायचा सात नंबरचा. चूक दुरुस्त करायचा आठ नंबरचा. आमच्या पाड्यांत लोकांना फॉर्म म्हणता येतो, पण ते म्हणत नाहीत. 'बाईने त्याला सात नंबर लावला' म्हणतात. कोणी मेलं की 'त्याला देवाने सात नंबर लावला' इथपर्यंत मजल गेली होती.

हे काम मला २०१४ च्या निवडणुकीआधी मिळालं. मिळालं म्हणजे मुख्याध्यापकांनी माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी कुरकुर केली, कारण तो शिक्षकांचा हक्कच आहे. पण खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं. शाळेत तीस पोरं माझं ऐकत नसत, इथे हजार मोठी माणसं माझ्यापुढे अदबीने फोटो धरून उभी राहायची.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. अर्ध्या यादीची जन्मतारीख एक जून. ती आम्हा शिक्षकांचीच कृपा. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की आमच्या आधीच्या गुरुजींनी सरळ एक जून टाकून दिली. धर्मा नावाच्या एकाच्या वडिलांचं नाव मी काढायला गेले, ते वारून सहा वर्षं झाली होती. धर्मा म्हणाला, "सातबाऱ्यावर बाप जिता हाय. मंग तुज्याच यादीत का मरल?" मृत्यूचा दाखला आणायला त्याला मी चार खेपा घालायला लावल्या आणि प्रत्येक खेपेला त्याने मला हाच प्रश्न विचारला.

दुसरे आमच्या किनाऱ्याकडचे एक बागायतदार. त्यांचा आणि आमचा बांधाला बांध. मीही तिकडे चिकूच्या वाडीतच नांदते, त्यामुळे त्यांचा मला धाकही होता आणि लळाही. काही वर्षांपूर्वी त्यांनी गंजाडकडे जमीन घेऊन तिथे घर बांधलं, म्हणून कुटुंबाची नावं माझ्या यादीत. मुलगा दहा वर्षं परदेशात. मी म्हटलं, "काका, मुलाचं नाव काढायला हवं." काकांनी चिकूची ताटली पुढे सरकवली आणि म्हणाले, "तो मनाने इथेच आहे गं." पुढे दोन वर्षं ते फोन करत राहिले, कागद मागत राहिले, नियम विचारत राहिले. मी चिकू खाल्ले आणि नाव काढायला दोन वर्षं लावली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मूळ गोष्ट. गंजाडच्या आतल्या अंगाला नदी ओलांडली की एक पाडा आहे. आम्ही त्याला पलीकडचा पाडाच म्हणतो. वीसेक घरं, कारवीच्या काड्या विणलेल्या कुडाची, अंगणात शेवग्याचं झाड. भात निघालं की ही माणसं कामाला बाहेर पडतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी मिठागरात, आणि बरेच पुरुष गुजरातच्या किनाऱ्यावर बोटींवर खलाशी म्हणून. होळीला परत येतात. होळीला आमच्याकडे माणूस येतोच. दिवाळी चुकेल, घरचं लग्न चुकेल, होळी नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं.

माझी पाहणी दर वर्षी दसरा-दिवाळीच्या मधे. तेव्हा भात कापणीला आलेलं असतं, सगळे घरी. मी जायचे, कोणी पेज द्यायचं, कोणी काकडी हातात ठेवायचं, काम होऊन जायचं. पण २०१८ साली पाऊस गणपतीनंतर फिरकलाच नाही. भात पोटरीत आलं आणि तिथेच वाळलं. जे हाती लागलं ते झोडून लोक दसऱ्यालाच निघून गेले, बायकापोरांसकट. मी गेले तर पाडा बंद. दारांना झाप लावून काथ्याने बांधलेले. अंगणात कोंबडी नाही.

वरून यादी 'शुद्ध' करा म्हणून रोज निरोप येत होते. सात नंबरसाठी पंच लागतात. शेजारच्या पाड्यावरचे दोघे म्हातारे बोलावले. मी विचारलं, "या घरात कोण राहतं?" ते म्हणाले, "आता कोण नाय." मी विचारलं, "कुठे गेले?" ते म्हणाले, "लांब." मी लिहिलं, स्थलांतरित. त्यांनी अंगठे उठवले. ते परत येणार का, हे मी विचारलं नाही. आणि त्यांनी सांगितलं नाही, कारण ती सांगायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नाही. माणूस घर सोडून परत येणार नाही हे त्या दोघांच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

मग नियमाप्रमाणे मी प्रत्येक दारावर नोटीस चिकटवली. 'आपले नाव वगळण्यात येत आहे, हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे.' घरून मैद्याची खळ करून नेली होती. बंद दाराला, आत कोणी नाही, असते तरी अर्ध्यांना वाचता आलं नसतं. एका सकाळी त्रेपन्न नावं. काकांच्या एका मुलाला दोन वर्षं, आणि या त्रेपन्न जणांना एक सकाळ. मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला घाई होती आणि त्या बाजूने फोन करणारं कोणी नव्हतं.

मार्चमध्ये निवडणूक जाहीर झाली. त्या हिवाळ्यापासून आमच्याकडे भूकंपाच्या धक्क्यांनी जमीन हलत होती, म्हणून शाळा आंब्याखाली भरायची. एक दिवस तिसरीचा वर्ग घेत होते, तर समोर रामीआजी येऊन उभी. पलीकडच्या पाड्यातली, सत्तरीच्या पुढची, बारीक, ताठ. मुलगा नवशा बोटीवर जातो, सून जयवंती माझी विद्यार्थिनी. सून भट्टीवर गेली की आजी नातवंडांना घेऊन झरीला लेकीकडे राहते. ती दर निवडणुकीला महिनाभर आधी येते, पदराच्या गाठीतून मतदान कार्ड काढते आणि म्हणते, "बग, हाय का मी?" आणि मी दर वेळी यादीत बोट ठेवून म्हणते, "आहेस."

या वेळी मी यादी उघडली. वरून खाली गेले, खालून वर आले. मला ठाऊक होतं, तरी शोधत राहिले.

"नाही, आजी," मी म्हटलं. "मी काढलं. घर बंद होतं."

तिने कार्ड परत बघितलं, मग माझ्याकडे. चिडली नाही. म्हणाली, "चल माज्यासंग." पोरांना दुसऱ्या बाईंकडे सोपवलं आणि गेले. नदीत पाणी घोट्याइतकं. ती पुढे, मी मागे. घरी पोचल्यावर तिने झापाचा काथ्या सोडला. माझी नोटीस अजून तिथे होती, अर्धी वाळवीने खाल्लेली. आत अंधार, शेणाचा वास. कोपऱ्यात कणगी, बांबूची विणलेली, छातीइतकी उंच. तोंड शेणाने घट्ट लिंपलेलं, वाळून तडकलेलं.

"ह्याच्यात काय हाय?" तिने विचारलं.

"भात."

"कोनाचा?"

"तुमचा."

"मंग भात घरात ठेवून मानूस कायमचा जातो का? तू जाशील?" तिने कुडाच्या फटीवर बोट ठेवलं. "हितून बाहेरसून दिसते. कणगी लिंपलेली हाय म्हंजे मानूस येनार. जो कायमचा जातो तो आदी कणगी नेतो, मंग घराचे खांब काडून नेतो. दार कशाला बगतेस, बाई? दार तर कुत्र्यासाटी लावतात."

मी एकतीस वर्षं शिकवलेली शिक्षिका, तालुक्यात नव्या बीएलओंना प्रशिक्षण द्यायला मला बोलवत. त्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत एक वाक्य आहे, कामासाठी तात्पुरता बाहेर गेलेला मतदार वगळू नये. ते मी दर वर्षी माइकवर मोठ्याने वाचून दाखवायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात ते हेच. मला त्या अंधारात इतकी लाज वाटली की आजीने नजर दुसरीकडे वळवली, हे तिचे उपकार.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेले आणि साहेबांपुढे सगळं सांगितलं. माझी चूक आहे, लेखी देते म्हटलं. साहेब तरुण होते, बरे होते. म्हणाले, "बाई, काढलेलं नाव तसंच परत बसत नाही. प्रत्येकाचा सहा नंबर नव्याने भरा. फोटो आणि ज्याची त्याची सही किंवा अंगठा. उमेदवारी अर्जांची मुदत संपायच्या दहा दिवस आधीपर्यंतच घेतात. त्यानंतर देव आला तरी यादी उघडत नाही." मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजलं. होळी मधेच होती. होळीनंतर आठेक दिवस हातात. माणसं येणार आणि परत जाणार, त्याच्या आत मला त्रेपन्न जणांना गाठायचं होतं.

मी जयवंतीला भट्टीवर फोन लावला. जयवंतीने माझ्याकडे चौथीपर्यंत शिकून पुढे दहावी केली, पाड्यातली ती एकटी. तिला वाटलं मी रागावायला फोन केला. सगळं ऐकून म्हणाली, "बाई, आम्ही नाय गेलतो. कामाला गेलतो."

"कळलं मला. आता काय करायचं ते सांग."

"लोक चारोटीला उतरतील. तिथेच धरा. घरी पोचले की होळीचे होतात, मग कोण ऐकतंय?"

शहाणी पोर. होळीच्या आधी दोन दिवस ती आली आणि आम्ही दोघी चारोटीच्या नाक्यावर वडापावच्या गाडीशेजारी उभ्या राहिलो. हायवेवरून टेम्पो येत होते, एसटी येत होत्या, ट्रकमधून माणसं बोचक्यांसकट उतरत होती. जयवंती नुसत्या चेहऱ्यावरून सांगायची, "तो आपला, ती आपली." मी फॉर्म घेऊन धावायचे. उन्हाने डोकं तापलं होतं, आणि माझ्या वयाच्या बाईला नाक्यावर बोचकी ओढताना बघून रिक्षावाले हसत होते. एकाने विचारलं, "बाई, कुठल्या पक्षाच्या?" मी म्हटलं, "यादीच्या." फोटोसाठी समोरच्या स्टुडिओत रांग लावली. तिथल्या भाईने पाठीमागे निळा पडदा लावून प्रत्येकाला 'सीधा देखो' सांगितलं. विटांच्या धुळीने लाल झालेले केस, तसेच फोटो निघाले. आजही त्या पानावरचे फोटो बघितले की लगेच ओळखू येतात.

काही जण चिडले. एका बाईने मला सुनावलं, "तूच काडलंस, तूच घालतेस, आमाला खेळ लावलाय का?" मी ऐकून घेतलं. अंगठा मात्र तिने उठवला. होळी झाली, होळीनंतरही आम्ही पाड्यात घरोघर फिरलो. शेवटच्या दिवशी दुपारी बावन्न फॉर्म झाले. राहिला एक, नवशा.

त्याची बोट समुद्रात होती. मालकाने होळीला सोडलं नव्हतं, मासळी लागली होती. फोन लागत नव्हता. जयवंती माझ्यासमोर बसली, हातात त्याचा जुना फोटो. म्हणाली, "बाई, मी करते त्याची सही. मला येते. कोण बघतंय?"

तिला खरंच येत होती. मी आजवर हजारो सह्या बघितल्या असतील, तरी मला फरक कळला नसता. आणि साहेबांना तर मुळीच कळलं नसतं. मी म्हटलं, "नाही जयू. माझ्या हातून पुन्हा खोटं नको."

तिने फोटो ब्लाऊजमध्ये ठेवला. मी बावन्न फॉर्म तालुक्याला देऊन आले. माझं बरोबर होतं का? मी अजून सांगू शकत नाही. नवशाचं नाव दोनदा गेलं. दोन्ही वेळा नियमाने गेलं, आणि दोन्ही वेळा नियम माझ्या हातात होता. पहिल्या वेळी तर मी तो अर्धाच पाळला होता.

तो मुदतीनंतर चार दिवसांनी आला.

मतदानाच्या दिवशी बीएलओ केंद्राबाहेर टेबल लावून बसतो, चिठ्ठ्या देतो. पुरवणी यादीत बावन्नच्या बावन्न नावं आली होती. मी ती छापील पानं हातात घेतली तेव्हा खरंच छाती भरून आली, खोटं कशाला बोलू. सकाळी सातला पलीकडचा पाडा नदी ओलांडून आला, सगळ्यांत पुढे रामीआजी. त्या वर्षी नवमतदारांना गुलाब द्यायचं असा वरून आदेश होता. दारातला तरुण कर्मचारी यादी बघून देत होता. आजीचं नाव नव्याने घातलेल्यांत, शेवटच्या पानावर. त्याने गुलाब पुढे केला आणि चेहऱ्याकडे बघून गोंधळला. "आजी, पहिल्यांदाच मत देताय?"

"बाईने मारली नी बाईनेच परत जन्माला घातली," आजी म्हणाली. "दे, फूल दे."

रांग हसली. मीही हसले. रांगेत मागे नवशा दिसला. कडेवर पोर, हातात मतदान कार्ड, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. त्याला सगळं माहीत होतं, जयवंतीने सांगितलं होतं. तरी तो आला होता. टेबलाशी येऊन कार्ड माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "कार्ड तर हाय ना, बाई?"

"कार्ड असून चालत नाही रे. यादीत नाव लागतं."

"एकदा बगा."

मी बघितलं. त्याच्या समोर बोट ठेवत सगळी पानं बघितली, कारण त्याला निदान तेवढं देणं लागत होते. मग मान हलवली. त्याने कार्ड उचललं, शर्टाने पुसलं. जयवंतीला म्हणाला, "तू जा आत. पोर माझ्याकडे राहू दे." आणि चिंचेखाली जाऊन बसला. ती मत देऊन येईपर्यंत बसला होता. मी त्या दिवशी चारशेच्या वर चिठ्ठ्या दिल्या, पण डोळे चिंचेकडेच जात होते. त्याने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

मे अखेरीला मी निवृत्त झाले. निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी पलीकडच्या पाड्यात गेले आणि नवशाचा सहा नंबर भरला. त्याने सही केली, मी फोटो चिकटवला. माझ्या हातचा तो शेवटचा फॉर्म. जागेवर आलेल्या नव्या गुरुजींना माझी वही दिली. त्यात दर घरासमोर मी स्वतः आखलेला एक जास्तीचा रकाना होता. पहिल्या आठवड्यातच त्यांचा फोन आला. "बाई, हा 'कणगी' रकाना कसला? हा नमुन्यात नाही." मी म्हटलं, "नमुन्यात नाही म्हणूनच आखलाय. पाड्यात या, दाखवते." आले बिचारे. रामीआजीने त्यांचीही शिकवणी घेतली.

ऑक्टोबरात विधानसभेचं मतदान झालं. मी आता टेबलावर नव्हते, नुसती साधी मतदार. स्वतःचं मत देऊन दुपारी नदी ओलांडली. नवशा सकाळीच मत देऊन आला होता. बोटीच्या मालकाचे चार फोन येऊन गेले होते, पण मतदान झाल्याशिवाय हलणार नाही म्हणून त्याने मालकाला सांगितलं होतं. आता अंगणात बोचकं बांधत बसला होता. आत लवकर पिकणारं हळव्याचं भात कणगीत भरून झालं होतं आणि रामीआजी तोंड लिंपत होती, हात कोपरापर्यंत शेणाने माखलेले.

"ये," ती म्हणाली. "ओलं हाय तवर हात लाव."

मी पिशवी खाली ठेवली, बांगड्या वर सारल्या आणि पाचही बोटं पसरून पंजा दाबला. थंड होतं. हात उचलला तर ठसा स्पष्ट उठला होता, अंगठ्यासकट. नवशा दारात येऊन उभा राहिला. ठसा बघितला, मग कुडाच्या फटीतून तो बाहेरून दिसतो का ते वाकून बघून आला.

"दिसतो," तो म्हणाला. "आता कोन सात नंबर लावतो बगू."